एकबारी रायफल, ससा आणि ग्राउंडहॉग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियात राहायला आलो आणि शिकारीचं लायसन काढलं, तेव्हापासून दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या आरतीनंतर आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मला तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी नव्यानं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून सगळे इथे एकत्र केले. शिकारीचे नियम राज्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. त्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका, आपल्या राज्याची त्या हंगामाची नियमपुस्तिका उघडा.

१. एकबारी रायफल म्हणजे गावाकडची एकनळी बंदूकच ना?

नाही. एकनळी आणि दुनळी हा नळ्यांचा हिशेब झाला. एकबारी हा माझा शब्द, इथे सिंगल-शॉट म्हणतात. या रायफलीला मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, नसते. एक काडतूस हातानं घालायचं, बार काढायचा, रिकामी पुंगळी बाहेर काढायची आणि मग दुसरं घालायचं. कोकणातली ठासणीची बंदूकही तशी एकबारीच, पण ती पुढून ठासतात. आपण बोलतोय त्या रायफली मागून भरायच्या, आणि त्यांच्या नळीत आतून पीळ असतो. त्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. एनसीसीत ज्यांनी जुनी .२२ नंबर दोन रायफल चालवली आहे, त्यांनी एकेक काडतूस हातानं भरून पोटावर झोपून नेम धरला आहेच. तेवढा अनुभव सुरुवातीला पुरतो.

२. स्मॉल गेम आणि व्हार्मिंट यांत फरक काय?

स्मॉल गेम म्हणजे खाण्यासाठी मारायची लहान जनावरं: खार, कॉटनटेल ससा वगैरे. त्यांना हंगाम असतो आणि दिवसाला किती मारायची याची मर्यादा असते. व्हार्मिंट म्हणजे शेतकऱ्याला नकोसे झालेले उपद्रवी प्राणी: पूर्वेकडे ग्राउंडहॉग (बिळात राहणारी मोठी, जाडजूड खारच म्हणा), पश्चिमेकडे प्रेअरी डॉग (नावात डॉग, पण हाही बिळात राहणारा खारीचा भाऊबंद) आणि कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा). व्हार्मिंट म्हटलं की काहीही, कधीही चालतं असा एक गैरसमज आहे. आमच्याकडे ग्राउंडहॉगसाठीसुद्धा लायसन लागतं. खार म्हटल्यावर अंगणात शेंगदाणे खाणारी, रामानं पाठीवरून बोटं फिरवलेली खार डोळ्यांसमोर येत असेल, तर इथली करडी खार तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असते एवढं सांगतो. माझ्या आईला ते सांगूनही पटलेलं नाही.

३. दहा गोळ्यांची रायफल स्वस्तात मिळते, मग एकाच गोळीचा हट्ट कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. ऑक्टोबरातली एक सकाळ सांगतो. हिकरीच्या झाडाखाली अंधारातच बसलो होतो. उजाडलं तसा वरून कवचाचा चुरा पडायला लागला, एक तुकडा टोपीवर पडला. खार नेमकी माथ्यावर होती, पण फांदीआड. हातात दहा गोळ्यांची रायफल असती तर दिसलेल्या शेपटीच्या अंदाजानं मी एक बार टाकून बघितला असता. एकबारीत तो बार वाया गेला की खटका (चापाजवळचा, नळी उघडायचा दांडा) खाली, पुंगळी बाहेर, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी खिशात चाचपडून करंगळीच्या पेराएवढं काडतूस काढायचं, ते नळीत सरकवायचं, खटका वर. तोवर खार तीन झाडं पलीकडे. म्हणून थांबलो. वीस मिनिटांनी ती खोडाला चिकटून उलटी खाली उतरली, डोकं स्पष्ट दिसलं, मागे जाडजूड खोड होतं. तेव्हा चाप ओढला.

मजा त्या वीस मिनिटांची आहे. ज्याला ती वीस मिनिटं कंटाळवाणी वाटतील त्यानं खुशाल मॅगझिनची रायफल घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. फायद्याचंच बोलायचं तर एकबारी आखूड आणि हलकी असते, आणि खटका उघडून धरला की भरलेली आहे की रिकामी हे शेजाऱ्यालाही लांबून दिसतं. नवशिक्याबरोबर जंगलात जाताना मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एक जाताजाता: पेनसिल्व्हेनियात आपोआप भरणाऱ्या रायफलीनं शिकार करायला २०१७ पर्यंत परवानगीच नव्हती.

४. जुन्या रायफलींमधली कोणती नावं माहीत असायला हवीत?

पहिलं नाव विंचेस्टर १८८५. यूटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगला तिचं पेटंट १८७९ मध्ये मिळालं, तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. भावांना हाताशी घेऊन तो दुकानातच रायफली बनवत होता. त्यातली एक विंचेस्टरच्या माणसांच्या नजरेला पडली. १८८३ मध्ये कंपनीनं ८,००० डॉलर मोजून हक्क घेतले आणि १८८५ पासून ती विंचेस्टर म्हणून विकली. पुढे जगभर नाव गाजलेल्या ब्राउनिंगची सुरुवात या एका गोळीच्या रायफलीनं झाली. खालचा खटका पुढे ढकलला की पोलादाचा ठोकळा खाचेतून सरळ खाली उतरतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, म्हणून या जातीला फॉलिंग ब्लॉक म्हणतात. हिचे दोन प्रकार आहेत. बाजूच्या भिंती उंच असलेला हाय वॉल मोठ्या काडतुसांसाठी, आणि भिंती उतरत्या केलेला लो वॉल लहान काडतुसांसाठी. आपल्या कामाचा लो वॉल.

दुसरं नाव स्टीव्हन्स. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या या कंपनीनं १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल हे काडतूस आणलं, आणि तेच आजही जगभर वापरलं जातं. तिची 'फेव्हरिट' ही शेतकऱ्यांच्या पोरांची रायफल. नळीखालचा एक स्क्रू सोडला की दोन तुकडे होतात आणि पिशवीत मावतात.

तिसरं रेमिंग्टन नंबर चार. लहान अंगाची, रोलिंग ब्लॉक जातीची. आधी घोडा चढवायचा, मग अंगठ्यानं ठोकळा मागे लोळवायचा, काडतूस घालायचं आणि ठोकळा परत पुढे आणायचा. हलणारे भाग इतके कमी की बिघडायला फारसं काही नाहीच.

चौथी मार्टिनी. इंग्रजांनी १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली, आणि हिंदुस्थानातल्या त्यांच्या फौजेबरोबर ती आपल्याकडेही पोचली. तिचीच धाकटी बहीण म्हणजे बीएसए आणि ग्रीनर या इंग्लिश कंपन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅडेट पोरांसाठी बनवलेली .३१० कॅडेट. पुढे या कॅडेट विक्रीला निघाल्या आणि गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणाऱ्या) लोकांनी .२२ हॉर्नेटसारख्या नव्या नळ्या बसवून त्यांच्या सुरेख व्हार्मिंट रायफली केल्या. मार्टिनीला बाहेर घोडा दिसत नाही, खटका उघडला की ती आतल्या आत चढते. ही गोष्ट विसरायची नाही.

नव्यांमध्ये १९६७ ची रुगर नंबर वन सगळ्यांना ठाऊक असते. फार्कहर्सन या जुन्या स्कॉटिश रचनेवरून तिची कल्पना घेतली. देखणी आहे, पण सशासाठी नको.

५. सुरुवातीला काडतूस कोणतं घ्यावं?

.२२ लाँग रायफल. स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळपास नाही, कुठल्याही दुकानात मिळतं. खार आणि ससा यांच्यासाठी पुष्कळ झालं. ग्राउंडहॉग शंभर यार्डांच्या पुढे बसत असेल तर .२२ हॉर्नेट बघा. विंचेस्टरच्या काळ्या दारूच्या काळातल्या .२२ डब्ल्यूसीएफवरून ते १९३० च्या सुमारास तयार झालं. ४५ ग्रेनची गोळी सेकंदाला २,६०० फुटांच्या वर वेगानं जाते आणि तरी शेतकऱ्याच्या गाई बुजत नाहीत. .२५-२० आणि .३२-२० ही नावं ऐकायला गोड आहेत, पण त्यांची काडतुसं शोधत फिरावं लागतं. स्वतः काडतुसं भरत असाल तरच त्या वाटेला जा.

६. जुनी स्टीव्हन्स फेव्हरिट विकायला आहे. घेऊ का?

घ्या, पण आधी नळीवर कॅलिबर (नळीचं माप) काय कोरलंय ते वाचा. फेव्हरिट .२५ आणि .३२ रिमफायरमध्येही (रिमफायर म्हणजे पिन बुडाच्या कडेवर आपटून उडणारं काडतूस) निघत असे. ती काडतुसं नेहमीच्या उत्पादनातून कधीच गेली, त्यामुळे अशी रायफल भिंतीवरच शोभेल. .२२ असेल तर खटका उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, नळीतून उजेडाकडे बघा. पीळ स्पष्ट दिसायला हवा. खटका बंद करून ठोकळा बोटानं हलवून बघा, खुळखुळत असेल तर सोडून द्या. घोडा अर्धाच मागे ओढून अडकवा आणि चाप हलकेच दाबा. घोडा सुटला तर गनस्मिथकडे न नेता ती रायफल एकदाही चालवायची नाही.

हे शहाणपण विकतचं आहे. माझी पहिली फेव्हरिट मी बंदुकांच्या जत्रेतून संध्याकाळच्या उजेडात घेतली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता इतका सुंदर होता की नळीत बघायचंच राहिलं. घरी येऊन टॉर्च मारला तर आत सगळा गंजाचा भुगा. पंचवीस यार्डांवर गोळ्या कागदाला आडव्या लागत होत्या. शेवटी नळीत नवं अस्तर बसवून घ्यावं लागलं, आणि त्याला रायफलीपेक्षा जास्त पैसे गेले.

७. शंभर वर्षांच्या नळीत आजची .२२ काडतुसं चालतात का?

रायफल तपासून घेतलेली असेल (प्रश्न ६) तर साध्या वेगाची चालतात. हाय व्हेलॉसिटी टाळा. त्या काळचं पोलाद मऊ असतं, आणि ठोकळ्याच्या पिना आधीच झिजलेल्या असतात.

खरी मेख नावात आहे. .२२ शॉर्ट हे .२२ लाँग रायफलच्या नळीत चालतं. पण नळीवर '.२२ डब्ल्यूआरएफ' असेल तर ते वेगळंच, जाड काडतूस. त्यात लाँग रायफल घातलं तर ते सैल बसतं आणि पुंगळी फाटते. आणि .२२ मॅग्नम दिसायला त्याच घराण्यातलं वाटलं तरी लांबीला आणि दाबाला जास्त आहे, ते जुन्या डब्ल्यूआरएफ नळीत अजिबात घालू नका. शंका आली तर चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) साचा काढून मापून घ्यावं. जुन्या नळीत कुणीतरी मध्येच फेरफार केलेले असतात आणि वरचा शिक्का तसाच राहिलेला असतो.

८. दुर्बीण बसवावी का?

जुन्या रायफलीला भोकं पाडून बसवू नका, किंमत जाते आणि रूपही. दस्त्याच्या गळ्यावर बसणारी बारीक छिद्राची साइट आणि पुढे माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) ही जोडी पन्नास यार्डांपर्यंत छान काम देते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांनाही छिद्रातून माशी स्पष्ट दिसते, स्वानुभव आहे. हॉर्नेटला मात्र दुर्बीण हवीच.

९. किती अंतरावरून मारावं?

कागदावर दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरावर लिंबाएवढ्या जागेत पडतात, तेवढ्या अंतरावरून. माझं .२२ चं अंतर पन्नास यार्ड आहे. पन्नासला नेम बसवलेली .२२ शंभर यार्डांवर साधारण सहा-सात इंच खाली येते, म्हणजे ग्राउंडहॉगच्या डोक्याऐवजी माती किंवा त्याहून वाईट म्हणजे पाय. हॉर्नेटनं मी दीडशे यार्डांपर्यंत जातो.

आणि जी गोळी चुकेल तिचं काय? .२२ ची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असा इशारा काडतुसांच्या खोक्यावरच असतो. मागे टेकडी, बांध किंवा जाड खोड नसेल तर बार नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर फांदीच्या टोकाला बसलेली खार मी आजपर्यंत मारलेली नाही.

१०. ग्राउंडहॉगच्या शिकारीला जागा कशी मिळते?

शेतकऱ्याचं दार वाजवून. ग्राउंडहॉग कुरणात बिळं करतो. गवतात दडलेल्या त्या खड्ड्यांत जनावराचा पाय मुडपेल अशी शेतकऱ्यांना धास्ती असते, आणि सोयाबीनची कोवळी रोपंही तो ओळीनं खात जातो. मे-जूनमध्ये, पहिली गवतकापणी झाल्यावर जा. बंदूक गाडीत ठेवा, टोपी काढून बोला, आणि कुठल्या कुरणात गाई आहेत ते आधी विचारा. मी जातो त्या शेताचे म्हातारबा पहिल्या वर्षी नुसते बघत राहिले. दुसऱ्या वर्षी मी ज्या फाटकाची कडी लावून गेलो होतो, त्याच फाटकापाशी त्यांनी मला नवी बिळं दाखवली. रायफलीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आमच्या राज्यात वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, हे अंतर पावलांनी मोजून घ्या.

दोन फेब्रुवारीला पंक्सटॉनीचा फिल नावाचा ग्राउंडहॉग हवामानाचं भविष्य सांगतो तोच का, असं मुलं विचारतात. त्याचेच भाऊबंद, हो.

११. वायोमिंगला जाऊन दिवसभर प्रेअरी डॉग मारतात म्हणे. एकबारीनं जमेल?

जमेल, पण मी सांगणार नाही. दिवसाला शेकडो काडतुसं उडवायची आणि मेलेलं तिथेच टाकून यायचं हा प्रकार मला मानवत नाही. हे माझं मत आहे, तिथल्या गुराखी लोकांचं वेगळं असेल, आणि गवत त्यांचं जातं, माझं नाही. तरी जाणार असाल तर तीन गोष्टी. यूटा प्रेअरी डॉग संघराज्याच्या कायद्यानं संरक्षित आहे. काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असंच वाटत होतं, १९८१ मध्ये वायोमिंगच्या मिटीत्सीजवळ पुन्हा सापडला. साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनसारख्या त्याच्या वस्तीत ही शिकार बंद आहे. आणि प्रेअरी डॉगच्या पिसवांमधून प्लेग पसरतो. मेलेल्याला हात लावू नका.

१२. मारलेलं खाता का?

ससा आणि खार खातोच, नाहीतर मारू नये. सशाला टुलॅरेमिया नावाचा रोग असू शकतो, म्हणून साफ करताना रबरी हातमोजे घाला. कलेजीवर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा फेकून द्या. मांस पूर्ण शिजवा. आमच्याकडे भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि काळा मसाला घालून रस्सा होतो. खारीचं मांस घट्ट, त्याला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात. छर्रे नसल्यामुळे दाताखाली शिसं येत नाही, हा रायफलीचा फायदा. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

१३. मी एच-१बीवर आहे. रायफल घेता येईल?

एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन जवळ असणं. ते संपलं की अपवादही संपला, रायफल कपाटात असली तरी. रेंजवर भाड्यानं घेतलेल्या बंदुकीलाही हेच लागू. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. व्हिसा पणाला लागत असेल तर माझ्याऐवजी वकिलाला विचारा.

१४. १८९८ च्या आधीची रायफल कागदपत्रांशिवाय घेता येते हे खरं का?

संघराज्याच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात आणि तिला दुकानदाराकडचा फॉर्म लागत नाही. पण तारीख त्या रायफलीची लागते, मॉडेलची नाही. 'विंचेस्टर १८८५' हे मॉडेल १९२० पर्यंत बनत होतं. त्यामुळे नंबर तपासा. विंचेस्टरच्या जुन्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात आहेत. इटलीत किंवा जपानमध्ये बनलेली आजची नक्कल नेहमीची काडतुसं घेते, त्यामुळे तिला ही सूट नाही. आणि प्रश्न १३ मधल्या मंडळींसाठी: रायफल अँटिक ठरली तरी तिच्यातलं आजचं काडतूस अँटिक ठरत नाही.

१५. साफसफाई कशी करायची?

फॉलिंग ब्लॉकची नळी मागून साफ करता येते. मार्टिनीची पुढून करावी लागते, तेव्हा नळीच्या तोंडाला सळई घासू देऊ नका. जुन्या रिमफायरचा चाप रिकाम्या नळीवर ओढत बसू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते.

१६. महाराष्ट्रात हा छंद करता येईल का?

नेमबाजी करता येईल, शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ससासुद्धा मारता येत नाही. .१७७ बोअरच्या, वीस ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअरगनला लायसन लागत नाही, पण म्हणून तिनं होले मारणं कायदेशीर होत नाही. रानडुकरं आणि रोही पीक खातात तिथे शेतकऱ्याला वनखात्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. ती अडचण झालेल्या शेतकऱ्यासाठी आहे, सुट्टीवर आलेल्या पाहुण्यासाठी नाही.

१७. भारतात जाताना काही काळजी घ्यायची का?

रायफल नेण्याचा विचार डोक्यातून काढा. काडतुसाचं मात्र नीट ऐका. शिकारीचं जॅकेट, जुनी सॅक, कॅमेऱ्याची बॅग यांत .२२ चं एखादं काडतूस अस्तरात सरकून बसतं. भारतातल्या विमानतळावर ते मशीनमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून उच्च न्यायालयांनी असे कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर तारखा आणि वकील चालूच. मागच्या वर्षी पुण्याला जाताना जॅकेट बॅगेत घालण्याआधी बायकोनं सवयीनं झटकलं. फरशीवर टिंग असा आवाज झाला आणि एक काडतूस घरंगळत कपाटाखाली गेलं. आता शिकारीचे कपडे तळघरातल्या वेगळ्या खुंटीवर असतात, आणि प्रवासाची बॅग तिकडे जातच नाही.